त्रिफोन इव्हानोव्ह खरंच किती चांगला स्टॉपर होता?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू एकोणीस वर्षांचा आहेस, तालमीच्या फुटबॉल संघात स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधला डिफेंडर, खेळतोस. मोबाइलवर बल्गेरियाच्या त्रिफोन इव्हानोव्हचे फोटो सारखे येतात. मानेवर रुळणारे केस, वाढलेली दाढी, रोखून बघणारे डोळे आणि खाली कुणीतरी केलेली चेष्टा. तुला विचारायचंय की हा माणूस खरोखर चांगला डिफेंडर होता, की नुसत्या चेहऱ्यामुळे गाजला? आणि त्याच्या कारकिर्दीतून आजच्या स्टॉपरने घेण्यासारखं काही आहे का?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. चांगला होता, फार चांगला होता. देशासाठी 77 सामने, 6 गोल, दोन विश्वचषक, एक युरो म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, आणि शेवटी कप्तानपद. चेहरा बघून कुणी कुणाला 77 वेळा देशाच्या संघात घेत नाही. मी पंधरा वर्षं कोल्हापुरात स्टॉपर खेळलो, त्याहून जास्त वर्षं पोरांना बचाव शिकवतोय, आणि 1994 मध्ये रात्र रात्र जागून या माणसाचे सामने पाहिलेत. त्याचा नुसता फोटो फिरतो आणि खेळ कुणी बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

इव्हानोव्हचा जन्म 27 जुलै 1965 चा, गाव व्हेलिको तर्नोवो. उत्तर बल्गेरियातलं हे जुनं राजधानीचं शहर, यान्त्रा नदी त्याला वळसे घालून जाते आणि डोंगरावर त्सारेव्हेत्सचा किल्ला आहे. तिथल्या एतर या क्लबात तो वाढला आणि मोठ्यांच्या संघात आला. एतर काही देशातला बडा क्लब नव्हे. बडे क्लब राजधानी सोफियात, त्यातही सीएसकेए म्हणजे लष्कराचा क्लब. 1988 मध्ये इव्हानोव्ह तिथे गेला आणि त्याच वर्षी देशाकडूनही पहिल्यांदा खेळला. तेव्हा तो 22 वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तोवर तो आपल्या गावच्या क्लबातच खेळत होता, हे ध्यानात ठेव. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या संघाचं बोलावणं आलं नाही म्हणून हातपाय गाळणारी पोरं मी दरवर्षी बघतो.

सीएसकेएत त्याला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे सरावात रोज समोर येणारे फॉरवर्ड. ह्रिस्तो स्टोइच्कोव्ह, एमिल कोस्तादिनोव्ह, ल्युबोस्लाव्ह पेनेव्ह हे तिघंही त्या एकाच संघात होते. स्टॉपर सामन्यात जेवढा शिकतो त्याहून जास्त सरावात शिकतो, कारण सामन्यात समोरचा फॉरवर्ड नव्वद मिनिटांनी निघून जातो, सरावातला दुसऱ्या दिवशी परत येतो आणि काल तू कुठे चुकलास ते त्याला पाठ असतं. दुसरी गोष्ट म्हणजे प्रशिक्षक दिमितार पेनेव्ह. हा माणूस स्वतः सीएसकेएचा आणि बल्गेरियाचा डिफेंडर, 1966, 1970 आणि 1974 असे तीन विश्वचषक खेळलेला. डिफेंडरला डिफेंडरचा प्रशिक्षक मिळणं हे भाग्याचं असतं. त्याला तुझी चूक तर दिसतेच, पण चूक व्हायच्या आधी तू योग्य जागी उभा होतास की नाही हेही दिसतं.

त्या सीएसकेएने 1989 आणि 1990 ची लीग जिंकली. 1989 मध्ये तर कप विनर्स कपच्या, म्हणजे युरोपातल्या देशोदेशीच्या कपविजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या, सेमीफायनलला योहान क्रायफ प्रशिक्षक असलेल्या बार्सिलोनापर्यंत मजल मारली. तिथे दोन्ही सामने हरले, बार्सिलोनात 2-4 आणि सोफियात 1-2. पण सीएसकेएचे तिन्ही गोल स्टोइच्कोव्हचे होते आणि पुढच्याच वर्षी क्रायफने त्याला बार्सिलोनाला नेलं.

इथे त्या काळाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कम्युनिस्ट राजवटीत बल्गेरियाच्या खेळाडूला परदेशी क्लबात सहजी जाता येत नसे. नोव्हेंबर 1989 मध्ये कम्युनिस्ट नेता तोदोर झिव्हकोव्हची सत्ता गेली आणि दारं उघडली. स्टोइच्कोव्ह बार्सिलोनाला, कोस्तादिनोव्ह पोर्टोला, बालाकोव्ह स्पोर्टिंग लिस्बनला गेला. इव्हानोव्ह स्पेनमध्ये सेव्हिया शहरातल्या रेआल बेतिसकडे गेला. त्या काळी युरोपात क्लबांना मोजकेच परदेशी खेळाडू खेळवता यायचे, युरोपीय संघातल्या खेळाडूंपुरती ती बंधनं डिसेंबर 1995 मध्ये बोसमन या खेळाडूच्या खटल्याच्या निकालानंतर सुटली. मग त्या मोजक्या जागा कुणाला मिळणार? गोल करणाऱ्याला. डिफेंडर आपल्याच देशातला घ्यायचा, अशी सर्वसाधारण रीत. अशा वेळी परदेशी स्टॉपरवर क्लब पैसे खर्च करतो, याचा अर्थ त्याच्यात काहीतरी वेगळं दिसलेलं असतं.

बेतिसमध्ये दिवस काही सुखाचे नव्हते. 1991 मध्ये संघ पहिल्या विभागातून खाली घसरला आणि इव्हानोव्हच्या तिथल्या काळात वर आला नाही. 1993 मध्ये तो स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल झामॅक्सला गेला. म्हणजे 1994 च्या विश्वचषकात जगाने पाहिलेला हा स्टॉपर एका मध्यम स्विस क्लबात खेळत होता.

आता मुख्य गोष्ट. 1994 पूर्वी बल्गेरिया पाच विश्वचषक खेळला होता, 16 सामने, आणि त्यातला एकही जिंकलेला नव्हता. अमेरिकेलाही ते पोचले तेच शेवटच्या क्षणी. 17 नोव्हेंबर 1993 ला पॅरिसमध्ये फ्रान्सला बरोबरी पुरेशी होती आणि नव्वदाव्या मिनिटाला कोस्तादिनोव्हने गोल मारून 2-1 केलं. स्पर्धेतला पहिला सामना नायजेरियाशी, आणि त्यात 0-3 अशी धूळधाण. एखादा संघ इथेच मोडला असता. पाच दिवसांनी त्यांनी ग्रीसला 4-0 ने हरवलं, विश्वचषकातला पहिलावहिला विजय. मग अर्जेंटिनावर 2-0, त्यातही 67 व्या मिनिटाला त्स्वेतानोव्हला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी. मग मेक्सिकोवर टायब्रेकरमध्ये विजय. आणि क्वार्टर फायनलला समोर गतविजेता जर्मनी.

तो सामना 10 जुलैचा, न्यूयॉर्कजवळच्या जायंट्स स्टेडियमवर भर दुपारी, आपल्याकडे रात्री साडेनऊला. मी तेव्हा विशीत होतो. आमच्या गल्लीत एकाच घरात रंगीत टीव्ही होता आणि आम्ही चौदा-पंधरा जण जमिनीवर दाटीवाटीने बसलो होतो. सगळे स्टोइच्कोव्हकडे बघत होते. मी स्टॉपर, त्यामुळे माझं लक्ष मागे.

त्या संघाची मांडणी नीट समजून घे, कारण इव्हानोव्हची खरी किंमत तिथे आहे. पुढे स्टोइच्कोव्ह आणि कोस्तादिनोव्ह. त्यांच्यामागे बालाकोव्ह, लेचकोव्ह आणि सिराकोव्ह. पाचही जण पायात चेंडू आला की सोनं करणारे, पण चेंडू गेल्यावर जीव तोडून मागे पळणं हा त्यांचा पिंड नव्हता. बचावफळीपुढे राबणारा खऱ्या अर्थाने एकटा झ्लात्को यांकोव्ह. बाजूचे बॅक, किर्याकोव्ह आणि त्स्वेतानोव्ह, वर जायचे. उरले दोघं, इव्हानोव्ह आणि पेटार हुबचेव्ह. त्यांच्यामागे कप्तान बोरिस्लाव मिखायलोव्ह गोलमध्ये. म्हणजे मैदानाच्या मध्यापासून गोलपर्यंत एवढी मोठी जागा मुख्यतः दोघांनी राखायची आणि समोर जर्मनीचे फॉरवर्ड क्लिन्समान आणि फ्योलर. तुझ्या संघात पुढची सगळी पोरं अशीच असली तर तुला कळेल मी काय म्हणतोय ते. बॅक लोकांना मदत मिळत नाही आणि गोल झाला की शिव्या मात्र त्यांनाच.

अशा वेळी दोन स्टॉपर एकसारखे असून चालत नाही. एकाने पुढे जायचं, दुसऱ्याने झाकायचं. इव्हानोव्ह पुढे जाणारा होता. फॉरवर्डच्या पायात चेंडू पोचायच्या आधी अंगाला अंग लावायचा, हेडिंगला उठायचा, चेंडू सुटला की त्यावर तुटून पडायचा. हुबचेव्ह त्याच्यामागे अर्धं पाऊल शांत. लोकांना इव्हानोव्हचा आवेश दिसतो आणि वाटतं की हा आंधळेपणाने धावतोय. तसं नव्हतं. तो निघायचा तेव्हा चेंडू आधीच कुणीतरी मारलेला असायचा, म्हणजे दिशा ठरलेली असायची. पासच्या आधी निघालास तर फॉरवर्ड तुझ्यामागे शिरतो. पास पोचल्यावर निघालास तर तो वळतो आणि तू नुसता धक्का मारून फाऊल देतोस. या दोहोंच्या मधला जो क्षण आहे तो इव्हानोव्हला बरोबर कळायचा. ही समज फोटोत कशी दिसणार?

उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच जर्मनीला पेनल्टी मिळाली आणि मॅथ्यॉसने गोल केला. पुढे एकदा म्योलरचा फटका खांबाला लागून आला, फ्योलरने तो आत ढकलला, पण तो ऑफसाइड होता. 0-2 झालं असतं तर सामना संपला होता. त्यानंतर थोड्याच वेळात 75 व्या मिनिटाला स्टोइच्कोव्हची फ्री किक भिंतीवरून आत गेली आणि 78 व्या मिनिटाला लेचकोव्हने झेप घेऊन हेडिंग मारलं. आमच्या गल्लीत जणू आपणच जिंकलो असा गलका झाला. पण मी तुला सांगतो, त्या सामन्यातलं स्टॉपरसाठी सगळ्यात मोलाचं त्यानंतर घडलं. गतविजेता संघ एका गोलने मागे, बारा-पंधरा मिनिटं हातात, हवेतून चेंडूवर चेंडू येणार. त्या वेळात बल्गेरियाची मागची फळी गोलच्या तोंडाशी कोंडाळं करून बसली नाही. आपण काय करतो? आघाडी मिळाली की सहा जण पेनल्टी एरियात उभे करतो आणि मग आपल्याच पायाला लागून गोल होतो.

सेमीफायनलला इटलीशी हरले, 1-2. रॉबर्टो बाजोने 21 व्या आणि 25 व्या मिनिटाला गोल केले. चार मिनिटांत सगळं हातचं गेलं. पहिल्या गोलनंतरची पाच मिनिटं स्टॉपरने संघाला सावरायची असतात, आवाज द्यायचा असतो, खेळ थंड करायचा असतो. त्या दिवशी ते जमलं नाही. तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात स्वीडनकडून 0-4, पण तोवर पाय आणि मन दोन्ही रिकामे झाले होते, त्या सामन्यावरून मी कुणाला तोलत नाही. बल्गेरिया जगात चौथा आला. त्या वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, स्टोइच्कोव्हला मिळाला, तो रास्तच होता.

आता त्याच्या लांबून मारलेल्या फटक्यांबद्दल. इव्हानोव्हला तीस-पस्तीस मीटरवरून गोलवर मारायची भारी हौस. बरेच फटके प्रेक्षकांत जायचे. 14 डिसेंबर 1994 ला कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध पाचव्याच मिनिटाला पहिला गोल त्याचा होता आणि बल्गेरियाने तो सामना 3-0 ने जिंकला. स्टॉपरने असं पुढे जावं का? माझं मत स्पष्ट आहे. फटका मारून तो बाहेर गेला तर चालतं, तोवर तुझा संघ मागे जाऊन उभा राहतो. पण ड्रिबल करत पुढे जाऊन चेंडू गमावलास तर तुझी मागची जागा मोकळी आणि समोरचे तिघं धावत येतायत. इव्हानोव्ह पुढे जाऊन मारायचा, घोळत बसायचा नाही. या फरकाकडे नीट लक्ष दे.

क्लबाच्या खेळात त्याचा सगळ्यात चांगला काळ व्हिएन्नाचा, असं मला वाटतं. 1995 मध्ये तो रॅपिड व्हिएन्नाला गेला. रॅपिड हा कामगार वस्तीतून उभा राहिलेला क्लब, त्याच्या चाहत्यांना घाम गाळणारा खेळाडू आवडतो. त्यांना हा माणूस न आवडता तरच नवल. प्रशिक्षक एर्न्स्ट डोकुपिल. गोलमध्ये मिखाएल कोन्सेल, मागे इव्हानोव्हच्या जोडीला पेटर श्योटेल, मध्ये पेटर श्ट्योगर आणि क्यूबाउअर, पुढे उंचपुरा कार्स्टन यांकर. 1995-96 मध्ये रॅपिडने 1988 नंतर पहिल्यांदा लीग जिंकली. त्याच मोसमात कप विनर्स कपमध्ये स्पोर्टिंग लिस्बन, डायनॅमो मॉस्को आणि सेमीफायनलला फेयेनोर्डला हरवून ते फायनलला गेले. 8 मे 1996, ब्रुसेल्स, समोर पॅरिस सेंट जर्मेन. ब्रुनो एन्गोतीच्या फ्री किकवर एकच गोल झाला आणि रॅपिड 0-1 ने हरलं. त्यानंतर रॅपिड आजवर युरोपातल्या कुठल्याही फायनलला गेलेलं नाही. पुढच्या मोसमात डायनॅमो किव्हला हरवून ते चॅम्पियन्स लीगच्या गटात शिरले, जिथे युव्हेन्टस, मँचेस्टर युनायटेड आणि फेनरबाचे होते.

त्याच उन्हाळ्यात युरो 1996 झाली. स्पेनशी 1-1, रोमानियावर 1-0, फ्रान्सकडून 1-3, आणि बल्गेरिया गटातच बाहेर. याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

1997 मधल्या एका सामन्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. 10 सप्टेंबर, सोफिया, रशियाविरुद्ध विश्वचषकाची पात्रता फेरी. जो जिंकेल तो गटात वरचढ ठरणार अशी अवस्था. स्टोइच्कोव्ह, बालाकोव्ह, कोस्तादिनोव्ह यांच्या पिढीचे हे अखेरचे दिवस, पाय जड झालेले. सामना 1-0 ने सुटला आणि तो गोल या स्टॉपरचा होता. बल्गेरिया शेवटी गटात 18 गुणांवर राहिला आणि रशिया 17 वर. एका गुणाचा फरक, आणि तो स्टॉपरच्या गोलने पडला. तू मला विचारलं होतंस की कॉर्नरला मी वर जाऊ की मागे थांबू. जा, पण परत येताना रमत येऊ नकोस.

1998 च्या विश्वचषकात इव्हानोव्ह कप्तान होता, वय 33 च्या घरात. पॅराग्वेशी 0-0, नायजेरियाकडून 0-1, आणि लेन्समध्ये स्पेनकडून 1-6. तो शेवट बघवला नाही. पुढे खेळणारी ती पिढी म्हातारी झाली होती, आणि पुढची फळी थकली की सगळा भार मागच्यांवर येतो. 1994 ला दोघांनी जी जागा राखली ती 1998 ला राखणं शक्य नव्हतं. त्या स्पर्धेनंतर बल्गेरिया एकाही विश्वचषकाला पोचलेला नाही.

रॅपिड सोडल्यावर एक मोसम तो त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी ऑस्ट्रिया व्हिएन्नाकडे खेळला, मग थोडा काळ परत सीएसकेए, आणि शेवटी व्हिएन्नाच्याच फ्लोरिड्सडोर्फर एसी या लहान क्लबात 2001 पर्यंत. विश्वचषकाच्या सेमीफायनलला खेळलेला माणूस खालच्या स्तरावर, छोट्या मैदानावर, तीन वर्षं खेळला. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो. त्याला खेळायचं होतं, म्हणून तो खेळला.

निवृत्तीनंतर तो आपल्या मुलखात परतला. 13 फेब्रुवारी 2016 ला व्हेलिको तर्नोवोजवळच्या सामोवोदेने गावात हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. बल्गेरियात त्याला लोक लाडाने तुन्यो म्हणायचे, बाहेर त्याचं नाव 'बल्गेरियाचा लांडगा' असं पडलं होतं. फोटोखाली तुला तेच नाव दिसत असेल.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. त्याच्यासारखा आवेश आणायला जाऊ नकोस, तो ज्याचा त्याला असतो. घ्यायचं ते त्या जोडीकडून, एक पुढे गेला की दुसऱ्याने झाकायचं ते. तुझा शेवटचा सामना मी पाहिला. तू आणि तुझा जोडीदार दोघंही एकाच हेडिंगला उठलात, दोनदा. दुसऱ्या वेळी चेंडू तुमच्या दोघांच्या डोक्यावरून गेला आणि मागे कुणी नव्हतं. यावर माझा एक जुना उपाय आहे. दोघांच्या कमरेला आठ-नऊ मीटरची सुती दोरी बांधायची आणि समोरून एकेक लांब चेंडू मारत राहायचं. एक पुढे गेला की दोरी दुसऱ्याला तिरकी मागे ओढते आणि कुठे उभं राहायचं ते कमरेला कळतं, तोंडाने सांगावं लागत नाही. दोघंही एकदम निघालात तर दोरी ढिली पडून पायात येते. पहिल्या दिवशी अडखळाल. आठवड्याभरात दोरी सोडली तरी अंतर तेवढंच राहतं.

त्याआधी जर्मनीविरुद्धचा तो सामना शोधून पूर्ण बघ, गोलांचे तुकडे बघून उपयोग नाही. चेंडूकडे बघू नकोस. 78 व्या मिनिटापासून शेवटपर्यंत फक्त इव्हानोव्ह आणि हुबचेव्ह यांच्यातलं अंतर बघ, आणि एकजण निघाला की दुसरा किती पावलं मागे सरतो ते वहीत लिहून काढ. रविवारी सकाळी साडेसहाला जोडीदाराला घेऊन ग्राउंडवर ये. वही आण, दोरी मी आणतो.